नळाला थेट मोटर

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहायला बसण्याचे कारण पाणी. हौद कोरडा आहे. लागोपाठ दोन पाळ्या माझ्या नळाला थेंब आलेला नाही. आज झोन कार्यालयात गेले, तर पाणी विभागाच्या कारकुनाने विचारले, "कधीपासून?" मी म्हटले, बरेच दिवस. "बरेच दिवस असं चालत नाही मॅडम. तारीखवार लिहून आणा." बरोबर बोलला. वसतिगृहातल्या मुलींना मीही हेच सांगत असे.

तक्रारीत लागेल म्हणून माझी माहितीही लिहून ठेवते. वैजयंती मेनकुदळे, बी. ए., मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त अधीक्षिका. घरात एकटी. धाकटी बहीण श्रीदेवी माझ्याजवळ राहत होती, ती मागच्या श्रावणात वारली. घर गल्लीच्या शेवटी, चढावर. अंगणात जमिनीखाली वडिलांनी बांधलेला हौद आहे. पाणी चार दिवसांआड येते, सकाळी सहा-साडेसहाला. मी त्याच वेळी तलावावर फिरायला जाते, पुढे वाचनालयात वर्तमानपत्रे बघते आणि मग घरी येते. श्रीदेवी होती तेव्हा पाण्याचे सगळे तीच बघायची. ती गेल्यावर मी एवढेच करते की निघताना नळ उघडते. परत येते तेव्हा हौद भरलेला असतो. पालिकेने पाणी सोडावे, ते नळातून यावे, यात आणखी कोणाचा हात लागायचे कारण नाही. ७ तारखेपर्यंत हे सुरळीत चालले होते.

समोरच्या गुरप्पांना विचारले, तुमच्याकडे पाणी आले का? म्हणाले, "आलं की. तुमच्याकडं मोटर न्हाय?" मी म्हटले, नळाला थेट मोटर लावणे बेकायदा आहे. ते हसले. "मग बाई, देवानं वतलं तरच भरंल तुमचा हौद."

शेजारच्या दाक्षायणीलाही विचारले असते, पण ती आठवडा झाला, अक्कलकोटला माहेरी गेली आहे. ती कडक भाकरीचा धंदा करते. नवरा गुरुशांत मोडनिंबला कामाला असतो, रविवारी येतो. घरात म्हातारी सासू. दाक्षायणीचा हिरवा पाइप एरवी माझ्या भिंतीवर लोंबत असतो, दोनदा सांगूनही तिने काढलेला नाही. ती गेल्यापासून तेवढी भिंत मोकळी दिसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सात रस्ता चौकातल्या दुकानातून महापालिका अधिनियमाचे पुस्तक आणले. घरात नळजोडाच्या मंजुरीचा कागदही सापडला, वडिलांच्या नावाचा. त्याच्या मागे अटी छापल्या आहेत. नळजोडास मोटर थेट जोडू नये. जोडल्यास मोटर जप्त होईल. दुसऱ्यांदा सापडल्यास नळ तोडण्यात येईल. मोटर लावायचीच तर आधी पाणी आपसूक टाकीत पडू द्यावे आणि मग टाकीतून उचलावे. स्पष्ट आहे. शेजारी ओढतील तर तुम्हीही ओढा, असे कुठेही लिहिलेले नाही.

कायदा मोठ्याने वाचल्याशिवाय मला कळत नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून चार पाने वाचली. समोरच्या खुर्चीत कोणी असते तर मधे मधे थांबवून शंका विचारल्या असत्या. श्रीदेवीला असल्या गोष्टींचा कंटाळा होता, पण ती बसून राहायची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हौद भरला! फिरून आले, झाकणातून पाहिले, तर पाणी वरच्या कडेला टेकलेले. मंगळवारी मी कार्यालयात नुसती तोंडी तक्रार केली, तिचा हा परिणाम. कायद्याचे नाव काढले तरी पुरते, हे मी वसतिगृहातही पाहिले आहे.

दाक्षायणी काल माहेराहून आली. पाइप पुन्हा भिंतीवर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कारकुनाचे आभार मानायला गेले. तो म्हणाला, "आम्ही तर अजून काहीच केलं नाही मॅडम." सरकारी माणसे श्रेय घ्यायला घाबरतात. त्याने चहा मागवला. मी सहसा बाहेरचा चहा घेत नाही, पण घेतला. त्याच्याशी अधिनियमातल्या दोन कलमांबद्दल बोलले. त्याने ती वाचलेली नव्हती. समजावून सांगितली. बाराच्या सुमारास निघाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कोरडा. हौदाच्या तळाशी मागचे उरलेले वितभर पाणी आहे तेवढेच. पाच दिवसांत गल्लीची भीती गेलेली दिसते. दाक्षायणीला विचारायला गेले, तर दाराला कुलूप. सासूला पहाटे दवाखान्यात नेले म्हणे. गुरप्पा ओट्यावर बसून दात घासत होते. "बाई, आज देव रजेवर का?"



२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लेखी तक्रार करायचे ठरवले. कनिष्ठ अभियंता अनिलकुमार यांना भेटले. चाळिशीतला माणूस, डोळ्यांखाली काळे. सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "मॅडम, नुसती 'गल्ली' लिहून पथक पाठवता येत नाही. घरं लिहा. कुठल्या घरात मोटर चालते ते स्वतः बघून लिहा. आणि एक विचारू? तुमच्याकडे आत्तापर्यंत पाणी कसं येत होतं? त्या चढावर मोटरीशिवाय पाणी येत असेल असं मला वाटत नाही."

मी म्हटले, नळ उघडते, येते.

"बरं," म्हणाले. हुशार आहेत, पण जागेवर जाऊन न बघता मत बनवतात.

४ मार्च, मंगळवार

आज पाण्याचा दिवस. अनेक वर्षांत पहिल्यांदा फिरायला गेले नाही. सहाला गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पाणी आल्याचे कोणीतरी कन्नडमध्ये ओरडले, "नीरु बंतु!" आणि एकामागून एक मोटरी सुरू झाल्या. प्रत्येक दारापाशी थांबून ऐकले आणि लिहून घेतले. लोक दारात येऊन माझ्याकडे बघत होते. गुरप्पांची सून म्हणाली, "काकू, मतदार यादीचं काम मिळालं काय?" मी खरे ते सांगितले. तिने दार लावून घेतले.

सर्वांत मोठा आवाज दाक्षायणीच्या मोटरीचा. बाकीच्या बंद पडल्या तरी तिची चालूच होती. तीन माणसांच्या घराला एवढे पाणी कशाला लागते? भाकऱ्यांचे पीठ भिजवायला तरी किती लागणार? दोन घरांचे पाणी ओढते ती. तिचे नाव सर्वांत वर लिहिले.

घरी आले तर हौद भरलेला. मी स्वतः गल्लीत उभी राहिले म्हणून इतरांनी हात आखडता घेतला असणार, एरवी कसा भरला असता?

६ मार्च, गुरुवार

तक्रार दिली. आवक शिक्का घेतला. अनिलकुमार यांनी यादी वाचली आणि पहिल्या नावावर बोट ठेवले. "या तुमच्या लागून शेजारी?"

"हो."

"भांडण आहे?"

"नाही. नियम आहे."

रोज येऊन चौकशी करीन असे सांगितले. कारकून म्हणाला, "रोज नका येऊ मॅडम, आम्ही फोन करतो." पाठपुरावा केल्याशिवाय काम होत नाही, हे त्याला कळत नाही. कार्यालयात माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची आता ठरून गेली आहे.

१० मार्च, सोमवार

काल हौद भरला. आज कार्यालयात कोणी नव्हते, सगळे बैठकीला. खुर्चीत बसून राहिले. शिपायाने पंखा लावला आणि तोही गेला.

१३ मार्च, गुरुवार

होळी. संध्याकाळी दाक्षायणी डबा घेऊन आली. "मोठ्या अक्का, होळिगे. तूप वेगळं दिलंय."

श्रीदेवी असताना हा पुरणपोळ्यांचा डबा तिच्या हातात जायचा. आज पहिल्यांदा माझ्यापुढे आला. मी म्हटले, "मला घेता यायचे नाही. मी तक्रारदार आहे आणि तक्रारीत तुझे घर आहे. उद्या चौकशी झाली तर बरे दिसणार नाही."

"कसली तक्रार?"

"मोटरची."

ती आधी हसली, मग थांबली. "मोटर लावायची न्हाई म्हणता? मग तुमी काय पिणार, अक्का?"

"माझा नळ चालू आहे."

तिने अंगणातल्या नळाकडे पाहिले. मग म्हणाली, "व्हय की. चालू हाय." आणि डबा घेऊन वळली. पायरी उतरता उतरता म्हणाली, "गार झाल्यावर होळिगे चांगली लागत न्हाई. कुणाला तरी देऊन टाकते."

रात्री भात लावला. नियमाने वागले याचे समाधान आहे. होळिगेचा वास मात्र बराच वेळ दारात होता.

१४ मार्च, शुक्रवार

हौद भरला. धुळवडीला कोणी आले नाही. गुरप्पांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. मी फाटकाशी आले की बोलणे थांबायचे.

१७ मार्च, सोमवार

अनिलकुमार यांचा फोन. परवा, बुधवारी, पाण्याच्या वेळी पथक येणार. घरे दाखवायला तक्रारदाराने गल्लीच्या कोपऱ्यावर थांबायचे आणि पंचनाम्यावर सही करायची. कोणाला सांगू नका म्हणाले. सांगायला आहे कोण?

झोपण्याआधी अट पुन्हा वाचली. दाक्षायणीला एकदा सावध करावे असे मनात आले. होळीला सांगून झाले आहे. तिने तेव्हाच मोटर काढायला हवी होती. पुन्हा सांगणे म्हणजे पथकाची बातमी फोडणे.

१९ मार्च, बुधवार

जसे घडले तसे लिहिते.

सहाला घराला आणि फाटकाला कुलूप लावून कोपऱ्यावर थांबले. गाडी आली. अनिलकुमार, दोन कर्मचारी, एक पोलीस. गाडी वळते न वळते तोच गल्लीतून शिट्टी ऐकू आली आणि सगळ्या मोटरींचे आवाज एका दमात बंद झाले. आम्ही गुरप्पांच्या घरी गेलो, तर नळाखाली बादली ठेवून ते शांत उभे. "या की साहेब. थेंब थेंब येतंय बघा." मोटर ज्वारीच्या पोत्यांमागे असणार, पण पोती हलवायचा अधिकार आम्हाला नाही, असे अनिलकुमार म्हणाले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच.

एकच मोटर चालू होती. तिचा आवाज दाक्षायणीच्या आणि माझ्या घरांमधल्या बोळातून येत होता.

दाक्षायणी त्या बोळात एका दगडावर चढून उभी होती. मोटर तिच्या पायांशी धडधडत होती, म्हणून तिला शिट्टी ऐकू गेली नव्हती. भिंतीवरून तिने कोपरापर्यंत हात पलीकडे घातला होता. त्या हातात हिरवा पाइप गच्च धरलेला. पाण्याच्या जोराने तो उसळी मारत होता, आणि दाबून धरला नसता तर निसटला असता.

अनिलकुमार यांनी विचारले, "पलीकडचं घर कोणाचं?"

मी म्हटले, "माझे."

फाटक उघडून दिले. हौदाचे झाकण श्रीदेवी नेहमी थोडे सरकवून ठेवायची. का, ते मी कधी विचारले नाही. ती गेल्यावर मीही ते तसेच ठेवत आले. त्या फटीत पाइपचे तोंड होते. पाणी आत पडत होते. कोपऱ्यातला माझा नळ सताड उघडा होता, त्यातून नुसता फुस्स असा आवाज येत होता.

मग भिंतीपलीकडून दाक्षायणीचा आवाज आला, "बंद करू का अक्का? अजून अर्धाच झालाय."

पंचनामा माझ्याच अंगणात झाला. पंच म्हणून गुरप्पांना बोलावले. कर्मचाऱ्याने लिहिले, सदर मोटरीद्वारे ओढलेले पाणी तक्रारदार यांच्या हौदात सोडले जात असल्याचे दिसून आले. गुरप्पांना हसू आवरेना. "साहेब, बाईंनी आपलंच पाणी धरून दिलं की!"

अनिलकुमार म्हणाले, "हसू नका. सही करा."

मी दाक्षायणीला विचारले, "कधीपासून?"

"लई वर्षं झाली. धाकट्या अक्कांनीच सांगितलं होतं. मोठी नियमाची हाय, तिला सांगितलं तर कोरडी बसंल पण मोटर लावू द्यायची न्हाई. ती फिरायला गेली की भरत जा म्हणाल्या." ती पदराने हात पुसत होती. "त्या गेल्यावर मला कुणी थांब म्हणालं न्हाई. मग भरत राहिले."

मोटर गाडीत टाकली. सासू आतून विचारत होती, कोण आलंय गं? दाक्षायणी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मी सही केली. मजकूर खरा होता.

२० मार्च, गुरुवार

कार्यालयात जाऊन सांगितले की पंचनाम्यात माझेही नाव दोषी म्हणून घ्या, मलाही नोटीस द्या. अनिलकुमार म्हणाले, "तशी तरतूद नाही मॅडम. मोटर ज्याची, गुन्हा त्याचा. पाणी कुठे पडलं ते कायदा विचारत नाही."

"आणि पोत्यांमागच्या मोटरी?"

"त्या सापडल्या नाहीत."

"पुन्हा तक्रार केली तर?"

"पुन्हा येऊ. पुन्हा शिट्टी वाजेल." मग म्हणाले, "तुम्ही कायदा वाचलात ना? आता त्याच्याबरोबर गल्लीत फिरून बघितलंत. ज्याच्या हातात पाइप असतो तोच सापडतो."

घरी येऊन अधिनियम पुन्हा चाळला. माझ्यासाठी एखादे कलम असेल असे वाटत होते. नाही.

२१ मार्च, शुक्रवार

श्रीदेवीने मला सांगितले नाही. एका घरात, ताटाला ताट लावून इतकी वर्षे जेवलो. तिला माझा राग आला असता तर चालले असते. तिने मला सांभाळून घेतले, ते पचत नाही.

आज मोठ्याने काही वाचले नाही.

२४ मार्च, सोमवार

पाण्याचा दिवस. फिरायला गेले नाही. नळाजवळ बसून राहिले. गल्लीतल्या सगळ्या मोटरी सुरू झाल्या, एक सोडून. माझ्या नळाला थेंब नाही. बोळातही सामसूम.

भाकऱ्या थापल्याचा आवाज रोज सकाळी भिंतीपलीकडून यायचा, तो बुधवारपासून बंद आहे. पाण्यावाचून धंदा बंद ठेवला असणार. काटकसर केली म्हणून हौदात थोडे पाणी शिल्लक आहे, तेही तिनेच भरलेले. एक घागर भरून तिच्या दारात नेली. दाक्षायणीने दार उघडले, घागर पाहिली, पण हात पुढे केला नाही. आतून सासू बाजेवरून म्हणाली, "घे की गं, जड असंल त्यांना." तेव्हा तिने घेतली. थोड्या वेळाने रिकामी घागर माझ्या फाटकाबाहेर ठेवलेली दिसली. हाक मारली नाही.

२५ मार्च, मंगळवार

अनिलकुमार यांच्याकडे गेले. आज खुर्चीत बसले नाही, उभ्यानेच विचारले, मोटर कशी सुटेल? दंड भरायचा आणि हमीपत्र द्यायचे की मोटर नळाला नाही, टाकीलाच लावीन. टाकी मात्र दाखवावी लागते. दाक्षायणीच्या घरात टाकी नाही, ठेवायला जागाही नाही. पिंपे आहेत, ती चालत नाहीत.

मी विचारले, "टाकी दुसऱ्याच्या अंगणात असली तर?"

ते म्हणाले, "त्या दुसऱ्याची लेखी संमती लागेल. पण टाकीत पाणी आपसूक पडलं पाहिजे. तुमच्या चढावर कसं पडणार?" मग कागदावर रेघा मारून दाखवले. माझा नळ हौदाच्या वरच्या कडेला आहे. तो खाली, हौदाच्या तळाशी घेतला तर कमी दाबानेही थोडे पाणी उतरेल. आपल्या हद्दीत नळ खाली घेण्याला बंदी नाही.

इतका साधा उपाय मला सुचायला हवा होता. मी पाण्याकडे कधी पाहिलेच नव्हते, फक्त अटी वाचल्या.

२७ मार्च, गुरुवार

नळवाल्याने हौदात उतरून नळ खाली घेतला. गुरप्पा फाटकाशी येऊन बघून गेले. "बाई, आता काय पाताळातनं आणताय का पाणी?" मी म्हटले, "तुमची मोटर पोत्यांमागून काढलीत की तशीच आहे?" ते वळले. नंतर जाताना म्हणाले, "तुमच्या भैनीनं असलं कधी इचारलं नसतं."

हे मात्र खरे आहे.

२९ मार्च, शनिवार

सहाला हौदाचे झाकण काढून बसले. मोटरी सुरू झाल्या. खाली अंधारात बराच वेळ काही नाही. मग बारीक आवाज. करंगळीएवढी धार. मोटरी चालू होत्या तोपर्यंत तेवढीच राहिली, त्या बंद पडल्यावर मनगटाएवढी झाली. आठ वाजून गेले तरी चालू होती. हौद भरला नाही, पण दोन घरांना काटकसरीने पुरेल इतके पडले.

कोणाला तरी हाक मारून दाखवावे असे वाटले. भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुरुशांत आला आहे असे आवाजावरून कळले, म्हणून गेले. तो दारातच उभा राहिला. सभ्य मुलगा आहे. "मॅडम, तुमी शिकलेली माणसं. आमी काय बोलणार? पण ही म्हायेरी गेल्ती आन् माझी आई दवाखान्यात होती, तेवढंच तुमचं पाणी चुकलं, तर तुमी लेखी दिलं."

मी म्हटले, मला माहीत नव्हते.

"म्हाईत करून घ्यायला भिंतीवरनं एकदा बघायचं होतं की."

मी हमीपत्राचा मसुदा पुढे केला. माझ्या हौदावर मोटर बसवायला माझी कायमची संमती त्यात लिहिली होती. त्याने वाचला, आत जाऊन दाक्षायणीला वाचून दाखवला. तिचा आवाज ऐकू आला, "कायमची लिहिलंय का?" तो म्हणाला, "व्हय." मग तो सही करून कागद घेऊन आला. दंड मी भरते म्हटले, तर त्याने ऐकले नाही. "मोटर आमची, दंड आमचा."

आत या असे कोणी म्हटले नाही. म्हणायला हवे होते असेही नाही.

२ एप्रिल, बुधवार

पालिकेच्या भांडारातून मोटर सोडवून आणली. गुरुशांतने मोडनिंबहून दंडाची पावती आणि अधिकारपत्र पाठवले होते. भांडारपालाने विचारले, "तुमची कोण लागते ही?" नातेवाईक की शेजारी असे दोनच रकाने होते. शेजारी लिहिले.

अनिलकुमार बाहेर भेटले. म्हणाले, "आता येणार नाही का रोज?" मी म्हटले, काम संपले. ते हसले. परतताना बसमध्ये मोटर मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा की." ठेवली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

पाण्याचा दिवस. धार आली. मोटर मिस्त्रीकडून हौदावर बसवून घेतली. पाइपचे दुसरे टोक भिंतीवरून तिच्या पिंपात सोडले. चालू करून पाहिली. बोळात उभी राहून पाइप मीच धरला. तो खरोखरच फार उसळतो. दोन्ही हात लावूनही बाही खांद्यापर्यंत भिजली.

मग तिच्या दारात गेले. दाक्षायणी परातीत पीठ घेऊन बसली होती. उठली नाही. मी म्हटले, "हमीपत्राप्रमाणे मोटर आता हौदाला आहे. पाणी कधी उचलायचे ते तू ठरव. मी घरात असले-नसले तरी अडायला नको."

तिने पिठातून हात काढला. "फिरायला जाणं बंद केलंत व्हय अक्का?"

"नाही. उद्यापासून जाणार आहे."

"मग बरं." हाताला पीठ होते म्हणून तिने पदर पुढे केला, त्यात मी दोन किल्ल्या ठेवल्या.

आजच्या तारखेला दाक्षायणीच्या ताब्यात दिले ते असे: तिची मोटर, हौदावर बसवलेली, चालू स्थितीत. हिरवा पाइप. मोटरीच्या बटणाच्या पेटीची चावी. माझ्या फाटकाची किल्ली एक, लाल दोऱ्याची, श्रीदेवीची.

पोच मागितली नाही.